बदनापूर टेसनावरचा शेवटचा फोटो

१२ जानेवारी १९७५, रविवार

जावयाला इंजनाचे फोटो काढायचा नाद. रोलात एकच उरला तो तुमचा काढतो म्हणले, मी मेल्यावर भिंतीला टांगायला. म्हणून गेल्या महिन्यात बदनापूर टेसनावर ठेवणीतलं लुगडं नेसून बसले. तेवढ्यात गाडी आली अन् जावई क्यामेरा घेऊन तिकडं वळले. जावयाला शिव्या देता येत न्हाईत. गिळल्या.

आज तोच फोटो घेऊन आले. "मामी, चुकलं."

पाहिला. धूर असा, की पदर नाकाला लावावा वाटला. कोळसा टाकणाऱ्याच्या मानेवरचा घामसुद्धा दिसतो. डोळा हाय माणसाला. माझं थोबाड एवढं चांगलं आलं असतं का? न्हाई. मंग पुन्हा तो घाम पाहिला.

म्हणलं, "माझ्या जागी हाच टांगा. हार तेवढा घालू नका, गाडी अजून चालू हाय."