समाजमंदिरातील मशीनला कोणी हात लावू नये, याबाबत

प्रति,
मा. ग्रामविकास अधिकारी,
ग्रुप ग्रामपंचायत करवंदखोर,
पो. धसई, ता. मुरबाड, जि. ठाणे.

अर्जदार : नथू राघो दोंदे, वय ७१, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, रा. बौद्धवाडी, करवंदखोर.

विषय : समाजमंदिरातील ध्वनिक्षेपक संच धुळीपासून वाचवताना मुलांच्या जिवास निर्माण झालेल्या धोक्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र दि. २ डिसेंबर २०२४ (साहित्य स्वच्छ व चालू स्थितीत ठेवणेबाबत).

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून पहिली विनंती अशी की, हा अर्ज शेवटपर्यंत वाचल्याशिवाय बाजूला ठेवू नये. अर्जदाराने चौतीस वर्षे किन्हवली परिसरातील शाळांत पहिली-दुसरीचे वर्ग शिकवले. वाडीतील निम्म्या घरांचे अर्ज आजही तोच लिहून देतो. या अर्जात अक्षर ओळीबाहेर गेले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

२. ग्रामपंचायतीने दोन वर्षांपूर्वी समाजमंदिरास एक अॅम्प्लिफायर, दोन स्पीकर बॉक्स व दोन माइक दिले. वाडीत अॅम्प्लिफायरला सगळे मशीन म्हणतात, म्हणून यापुढे तोच शब्द लिहिला आहे. रोज सायंकाळी पाच वाजता अर्जदार तेथे चौदा मुलांना गाणी शिकवतो. वंदना, भीमगीते, कधी नुसत्या कविता आणि पाढेसुद्धा माइकवरून. त्या चौदांत पौर्णिमा ही नऊ वर्षांची मुलगी आहे. शाळेत हजेरीला ती ‘हजर’ म्हणते, ते तिच्या बाकाच्या पुढच्या मुलीलाही ऐकू येत नाही. माइक हातात आल्यावर तिने पहिली ओळ म्हटली तेव्हा टेपावरच्या, म्हणजे वरच्या उंचवट्यावरच्या, घरांतून बायका बाहेर आल्या, ही कोणाची पोर म्हणून. त्या दिवसापासून ती वर्गाला सर्वांत आधी येते. संच वाडीसाठी काय आहे हे आपणास कळावे, म्हणून हे लिहिले. पुढे जे घडले त्यात संच जाण्याच्या धास्तीचा वाटा मोठा आहे.

३. दिवाळीपासून डोंगराकडील रस्त्याचे काम सुरू झाले. माती आणि खडीची भुकटी भरलेले डंपर समाजमंदिराला घासून जातात. खिडक्यांना काचा नाहीत, नुसती जाळी आहे. सकाळी पुसलेल्या मशीनवर दुपारी बोटाने नाव लिहिता येते, आणि मुले लिहितातही. अर्जदाराने मुलांना रीत लावून दिली होती : आधी प्लग काढायचा, मग कोरड्या फडक्याने पुसायचे, जाळीच्या फटी रंगाच्या ब्रशने झाडायच्या, मशीन निवाले की जुन्या लुगड्याची शिवलेली खोळ घालायची. ओले फडके मशीनजवळ आणायचे नाही, हे त्यांच्याकडून दहादा म्हणून घेतले होते. मुलांनी ते पाळले. मोठ्या माणसांना कोणी शिकवलेच नव्हते, ही चूक अर्जदाराची आहे.

४. आपल्या संदर्भीय पत्रात लिहिले होते की, शनिवार दि. १४ रोजी तपासणी पथक येणार असून मुलांचा कार्यक्रम संचासह व्हावा, त्याचे छायाचित्र काढण्यात येईल, आणि साहित्यावर धूळ आढळल्यास संच परत घेण्यात येईल. अर्जदाराने हे पत्र समाजमंदिरात सर्वांसमोर वाचले. वाडी धास्तावली. पौर्णिमेची आजी गुणाबाई ही धसईच्या बाजारात भाजी विकते. पहाटे टोपली भरली की ती वर ओले गोणपाट टाकते. रस्त्यावर कितीही धुरळा उडो, तिची मेथी आणि चवळी धुतल्यासारखी राहते, कारण धूळ ओल्या गोणपाटावर बसते आणि तिथेच राहते. तिने हाच उपाय मशीनला केला. दि. ३ पासून ती रोज दुपारी खोळ काढून त्याजागी ओले गोणपाट घालीत होती आणि पाच वाजण्यापूर्वी काढून नेत होती. शिवाय जमिनीवरची धूळ उडू नये म्हणून पाण्याचा सडा मारीत होती. अर्जदार आला की मशीन लखलखीत दिसे. त्याने एकदा तिचे कौतुकही केले. हे लिहिताना अर्जदारास स्वतःची लाज वाटते.

५. आता जे लिहायचे आहे ते महत्त्वाचे आहे. गाण्याआधी वाद्याला हात लावून तो कपाळाला लावायचा, ही सवय अर्जदाराला त्याच्या वडिलांकडून मिळाली. ते ढोलकी वाजवीत. ही पूजा नव्हे. आपला आवाज जे पुढे नेते त्याला विसरू नये, एवढाच त्याचा अर्थ, असे अर्जदाराने मुलांना सांगितले आहे. मुले ढोलकीला हात लावतात, हार्मोनियमला लावतात, आणि मग मशीनलाही लावतात. मशीनचा डबा पत्र्याचा आहे. मुलांच्या चपला दाराबाहेर असतात. पायाखाली सड्याची ओली फरशी असते. अर्जदाराला साखरेचा आजार असल्याने डॉक्टरांनी घरातही अनवाणी चालू नये असे सांगितले आहे, म्हणून तो आतही रबरी चपला घालतो. त्यामुळे त्या सहा दिवसांत तोही रोज मशीनला हात लावीत होता आणि त्याला काहीच जाणवले नाही.

६. सोमवार दि. ९ रोजी अर्जदाराच्या लक्षात आले की मुलांचा नमस्कार लांबला आहे. रांग पुढे सरकत नव्हती. हात लावलेला मुलगा डोळे मिटून उभा राही आणि मागची मुले दबक्या आवाजात आकडे मोजीत. अर्जदारास आधी वाटले, किती ही श्रद्धा. मग त्याने विचारले. मुले हसू लागली. पौर्णिमा म्हणाली,

“गुरुजी, मशीन चावतं. मुंग्या येतात पार कोपरापर्यंत. मी अकरापर्यंत धरलं, रूपेशनं सातलाच सोडलं.”

अर्जदाराने तिला पुन्हा सांगायला लावले, कारण पहिल्यांदा ऐकलेले त्याच्या डोक्यात शिरले नाही. तीन दिवस हा खेळ चालू होता. अर्जदार समोर खुर्चीवर बसून पेटी वाजवीत होता.

७. मंगळवारी सकाळी अर्जदाराने किन्हवलीहून वायरमन जगन यास बोलावून आणले. त्याने टेस्टर लावला तो लागलीच पेटला. मशीनचे झाकण उघडल्यावर आत खडीच्या भुकटीचा ओला चिखल सापडला, फटीफटीत बसलेला. त्याने सॉकेट उघडून पाहिले आणि म्हणाला, “गुरुजी, बॉडीला करंट उतरलाय. आन् अर्थिंगच नाय इथं, नुसतं भोक हाय. पोरांचं नशीब समजा.” त्यालाही दोन मुले आहेत. मशीन सुकवून साफ करीपर्यंत आणि अर्थिंग होईपर्यंत चालू करू नये, व मीटर ग्रामपंचायतीच्या नावे असल्याने अर्थिंगचा खड्डा घेण्यास ग्रामपंचायतीचे पत्र लागेल, असे त्याने सांगितले. अर्जदार त्यासाठी कार्यालयात आला होता. आपण मुरबाडला बैठकीस गेला होता.

ओल कुठून आली हे विचारण्यास समाजमंदिरात गुणाबाईला बोलावले, तिने गोणपाटाचे सांगितले, मग तिला झाला प्रकार सांगितला. ती आधी मानेना. म्हणाली, “भाजीला वीस वरसं घालते, कधी काय झालं नाय, तं मशीनला कसं व्हईल?” मग नातीचे अकरा आकडे तिला सांगितले. ती खाली बसली आणि तिने उजवा हात पदराखाली दडवला, जणू त्या हाताने काही चोरले होते. तिच्यावर कोणतीही कारवाई होऊ नये. संच हातचा जाऊ नये म्हणूनच तिने ते केले.

८. अर्जदाराने सर्व मुलांना घरोघरी जाऊन सांगितले की मशीनला हात लावायचा नाही. मुलांनी माना डोलावल्या. त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास अर्जदार घरी पाय धुवीत असताना समाजमंदिराकडून पौर्णिमेचा आवाज आला. स्पीकरवरून. मुलांनी शनिवारच्या कार्यक्रमाच्या सरावासाठी संच लावला होता. हात लावायचा नाही एवढेच अर्जदाराने सांगितले होते, प्लग लावायचा नाही हे सांगायचे राहून गेले होते. चपला शोधण्यास वेळ नव्हता. तो तसाच अनवाणी निघाला. आवाज येतो आहे तोवर मूल उभे आहे, एवढे एकच धरून तो चालत होता, कारण त्याला पळता येत नाही. पाण्याच्या टाकीपाशी पोचला आणि आवाज ओळीच्या मध्येच थांबला.

त्या टाकीपासून समाजमंदिर साठ-सत्तर पावलांवर असेल. त्या पावलांत अर्जदाराने काय काय पाहिले ते या अर्जात लिहिण्याजोगे नाही.

पौर्णिमा पुढची ओळ विसरली होती. ती माइक हातात धरून छताकडे पाहत आठवत होती. बाकीची मुले तिला ओळ सुचवीत होती. अर्जदार बटणांच्या बोर्डाकडे जाण्यासाठी आत आला. पण पंचावन्न वर्षांची सवय आहे, साहेब. दारातून आत पाऊल पडताच त्याचा हात आपोआप मशीनकडे गेला. ज्या माणसाने सकाळी टेस्टर पेटताना पाहिला होता त्याचा. ओल्या पायांनी उभ्या असलेल्या अर्जदारास खांद्यापर्यंत झटका बसला आणि तो बाकावर आदळला. त्याला फार लागले नाही. परंतु तेव्हा त्याला कळून चुकले की नुसते सांगून भागणार नाही. शिकवणाऱ्याचाच हात ऐकत नसेल, तर आठ-नऊ वर्षांच्या हातांकडून काय अपेक्षा ठेवावी? ही सवय त्यानेच त्यांच्या हातांत घातली आहे आणि शनिवारपर्यंत ती काढून घेणे त्याला जमणार नाही.

९. म्हणून अर्जदाराने बोर्डाचे बटण बंद केले, प्लग काढला, आणि गुणाबाईच्या घरून आणलेल्या भाजीच्या विळीवर मशीनची वायर कापली. ग्रामपंचायतीची मालमत्ता जाणूनबुजून तोडल्याची ही कबुली समजावी. साक्षीदार चौदा आहेत. सर्व वयाने अज्ञान.

१०. तरी नम्र विनंती की,

शनिवारपूर्वी समाजमंदिरास अर्थिंग करून मिळावे आणि त्यासाठी जगन यास पत्र द्यावे. मशीनला भिंतीत उंचावर झडपेचे लाकडी कपाट मिळावे. त्याला मागून हवेसाठी भोके असावीत. खिडक्यांना काचा बसवाव्यात आणि डंपर जाण्यापूर्वी रस्त्यावर पाणी मारण्यास ठेकेदारास कळवावे. पाणी मारायचे ते रस्त्यावर मारावे. आपल्या पत्रात धुळीबद्दल जो शब्द लिहिला, तसाच एक शब्द करंटबद्दलही लिहावा व तो समाजमंदिराच्या दारावर लावण्यास द्यावा. वाडी शिक्क्याचे कागद फार मानते.

हे सर्व शनिवारपर्यंत न झाल्यास मुले संचाविना गातील. पथकाला ऐकू न आल्यास त्यांनी सतरंजीवर पुढे सरकून बसावे. संच परत न्यायचा झाल्यास न्यावा. गेले आठ दिवस वाडी ज्याला भीत होती त्याचे अर्जदारास आता काही वाटत नाही.

११. एक गोष्ट लिहावी की नाही, हे ठरत नव्हते. वायर कापल्यावर मुले भोवती जमली. पौर्णिमेने कापलेले टोक उचलून पाहिले आणि विचारले, “आता लावू का हात, गुरुजी? आता तं काय करनार नाय ना ते?” अर्जदाराने तिला सांगितले की नाही, आता ते काही करू शकत नाही. हे खरे आहे, आणि शिक्षकाने मुलाला खरे तेच सांगितले पाहिजे. तिने हात पुढे केला. अर्जदाराने तिचे मनगट धरले. सोडायला हवे, हे त्याला कळत होते, आणि तिनेही दोनदा म्हटले, सोडा ना. त्याला सोडता आले नाही.

आपल्या पत्राची वाट पाहत समाजमंदिराच्या दारात बसून असलेला,
आपला नम्र,

(सही)
नथू राघो दोंदे
करवंदखोर, दि. ११ डिसेंबर २०२४

सोबत :
१. संदर्भीय पत्राची झेरॉक्स प्रत.
२. वायरमन जगन यांनी वहीच्या पानावर लिहून दिलेला अभिप्राय.
३. मशीनचा प्लग, वीतभर वायरसह (मूळ). कृपया परत करू नये.