बीम बदलताना

४ तारीख
अकरा तारखेला दुपारी मुलीचं रजिस्टर लग्न. मी जहाजावर, म्हणून व्हिडिओ कॉलवर हजर राहणार. अडचण एकच. इथे नेट येतं उपग्रहावरून. त्याने समुद्राचे तुकडे पाडलेत, प्रत्येक तुकड्याला एक बीम, म्हणजे सिग्नलचा झोत. हद्द ओलांडली की मॉडेमला नवा बीम पकडावा लागतो, आणि नेमक्या त्याच दुपारी आपण हद्द ओलांडतोय. कॅप्टन म्हणाला, मॉडेम आपोआप पकडतो. आपोआप! या जहाजावर आपोआप फक्त गंज चढतो. संकल्प: मॉडेमकडे जातीने लक्ष देणे. इलेक्ट्रिकल ऑफिसर मी आहे. सगळे बत्तीसाहेब म्हणतात ते काय उगीच?

६ तारीख
रंगीत तालीम. आजही एक हद्द लागली. नेट गेलं, मॉडेमचे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागले. गोंधळला बिचारा. लगेच स्विच बंद करून चालू केला. मग त्याने पहिल्यापासून सुरुवात केली: जहाज कुठे आहे ते पाहिलं, बीमचा नकाशा वाचला, डेकवरच्या घुमटातली अँटेना फिरवून उपग्रह शोधायला लागला. पुन्हा लुकलुक. पुन्हा बंद. बऱ्याच वेळाने नेट आलं. मी नसतो तर आलंच नसतं. आमचा भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, म्हणतो, आधीच्या बत्तीसाहेबांच्या वेळी चहा गार व्हायच्या आत यायचं. भंडाऱ्याने मिठाकडे बघावं.

८ तारीख
मॅन्युअल चाळलं. लिहिलंय, दिवे लुकलुकतात तेव्हा काम चालू असतं, वीज बंद करू नये. हे सामान्य माणसांसाठी. बायकोचा फोन. अहो, त्या दिवशी तरी कशाला हात लावू नका, म्हणे. घरातली इस्त्री, मिक्सर, दारावरची बेल, सगळं मीच दुरुस्त केलंय. नंतर नवीन आणावं लागलं, ती गोष्ट वेगळी.

१० तारीख
मेसमध्ये नोटीस लावली: उद्या कोणीही नेट वापरू नये. खाली कोणीतरी लिहिलं, मिळालं तर वापरू ना. अडाणी लोक.

११ तारीख, दुपार
नेट गेलं. लुकलुक. बंद. चालू. लुकलुक. बंद. कॅप्टन दारात येऊन म्हणाला, बत्तीसाहेब, हात खिशात घाला. दुर्लक्ष केलं. चालू. लग्नाची वेळ होऊन गेली. तेवढ्यात सेकंड इंजिनियरचा फोन, कोल्ड रूमची वीज गेली, ताबडतोब खाली या. या माणसाला वेळकाळ कळत नाही. पण मासळी सडली की बोल मलाच. निघालो.

११ तारीख, संध्याकाळ
कोल्ड रूमची वीज व्यवस्थित होती. सेकंड म्हणाला, तुम्ही आलात आणि आली. असं होतं, यंत्रं माणूस ओळखतात. तरी मी सोडतो होय? एकेक कनेक्शन उघडून तपासलं. फोन वाजत होता, घेतला नाही. भंडारी धावत आला, साहेब, वर चला, नेट आलं. मी इथे असताना नेट येईल कसं? थट्टा मलाही कळते. हाकललं त्याला.
वर गेलो तर मेसमध्ये सगळे कॅप्टनच्या फोनभोवती. कॉल नुकताच संपलेला. कोणी हसलं नाही. भंडाऱ्याने न मागता चहा दिला.

१२ तारीख
बायकोने रेकॉर्डिंग पाठवलं. रजिस्ट्रार घड्याळ बघतायत. मुलगी हातात पेन धरून बसली आहे. कॉल लागतो, तिच्यासमोरच्या फोनवर कॅप्टनचं तोंड.
"काका, बाबा कुठे आहे?"
"खाली, कोल्ड रूममध्ये. मॉडेमपासून लांब पाठवलं म्हणून तर नेट आलं. आता बोलावतोय, तर येत नाहीये."
सगळे हसतात. तीही हसते. मग म्हणते, "थांबते थोडी."
थांबते. दोनदा पेन खाली ठेवते, दोनदा उचलते. रजिस्ट्रार काहीतरी पुटपुटतात. शेवटी ती फोनकडे बघते. फोनवर कॅप्टनच. त्याच्याकडे बघूनच सही करते.
कॅप्टन रडतोय. त्याला रडायचं काय कारण होतं?