मागची ओळ

काटोल,
२० सप्टेंबर १९७४

ती. बाबांना, सप्रेम जय भीम. वि. वि.

समितीच्या रुपरावकाकांचं पत्र आलं. चौदा ऑक्टोबरच्या, धम्मचक्र दिनाच्या सभेत यंदा तुमच्या जागी मी बोलावं, असं ते म्हणतात. सतरा वर्षं वस्तीतल्या त्या ओट्यावरून तुम्हीच बोललात. घशाच्या ऑपरेशनात आवाज गेला, म्हणून ते तुमच्या मुलीला विचारतात. मी वर्गात चाळीस मुलींपुढे बोलते, पण तिथे हातात छडी असते. वस्तीपुढे हात रिकामे असतील. तुम्ही नको म्हणालात तर लगेच नकार कळवते.

देवकीआत्याशी पाटीवर लिहून भांडता, असं कळलं. खडू जपून वापरा.

तुमच्या पत्राची वाट पाहणारी,
प्रेमिला

नागपूर,
२५ सप्टेंबर १९७४

चि. प्रेमिलाले जय भीम आणि आशीर्वाद.

तू बोल. कागद घेऊ नको. सुरुवात हळू कर, म्हणजे बाया आपापली पोरं गप्प करतात. टाळ्या पडल्या की थांब, त्यांच्यावर बोलू नको. भोंगा लावू देऊ नको. मी कधी लावला नाही.

पहिल्या ओळीकडं पाहू नको. तिथं समितीवाले असतात, झोपले तरी मान हलवतात. मागच्या ओळीशी बोल. तुझी आई तिथंच कडुलिंबाखाली बसायची. ऐकू आलं नाही की पदर कानामागं घ्यायची. लोकांले वाटे, बाईले उकडून राहिलं. मी आवाज वाढवायचो. ती गेल्यापासून तिथं आपलं कोणी नाही. यंदा मी बसतो. ऐकू आलं नाही तर टोपी काढीन, आलं की घालीन.

देवकी म्हणते, बुढ्याचा आवाज गेला, मास्तरकी नाही गेली.

आहे तसाच तुझा,
बाबा

काटोल,
१७ ऑक्टोबर १९७४

ती. बाबांना, जय भीम. वि. वि.

लोक चांगलं झालं म्हणाले. मला फक्त तुमची टोपी आठवते. सुरुवात हळूच केली होती. आईचं नाव घेतलं आणि तुम्ही टोपी काढलीत. मी आवाज वाढवला. तुम्ही ती घातली नाहीत. आणखी वाढवला, घसा फाटेस्तोवर. मग तुम्ही उठून गेलात. सभेनंतर शेवटच्या बसपर्यंत तुमच्या घराच्या दारात बसले, तुम्ही आला नाहीत.

काय चुकलं तेवढं लिहा. पुन्हा त्या ओट्यावर मी चढणार नाही.

राग नसावा.
प्रेमिला

नागपूर,
२१ ऑक्टोबर १९७४

चि. प्रेमिलाले जय भीम आणि आशीर्वाद.

तुझं काही चुकलं नाही. कौसल्येचं नाव निघालं आणि टोपी आपोआप हातात आली. आपली खूण ध्यानातच राहिली नाही. तू आवाज वाढवला तेव्हा समजलं. घालायले गेलो, तर तू थांबली. मी थांबायचो तशीच, त्याच जागी. लोक तसेच गप्प झाले. मले ते पाहवलं नाही. तुले खोटं काहून लिहू? हेवा वाटला. म्हणून उठलो.

रेल्वे फाटकापाशी आलो तरी तुझा आवाज मागून येऊनच राहिला होता. माझा तिथवर कधी पोचला का, हे मले माहीत नाही. मी तर नेहमी ओट्यावर असायचो. तू संपवेपर्यंत तिथं उभा राहिलो. टाळ्या ऐकू आल्या, तेव्हा टोपी घातली. मग तुझ्यापुढं यायची लाज वाटली. बस गेल्यावर घरी आलो.

पुढल्या वर्षी बोल. मी असीन, असं डॉक्टर पाटीवरही लिहून देत नाही. मागच्या ओळीत देवकीले बसव. तिले ऐकू कमी येते, तेच बरं.

पत्र टाकत जा.
तुझा बाबा,
देवराव