गोळी जेवणानंतर

मंगळवार, संध्याकाळ

चिडचिड जात नाहीये. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या शांतामावशी सकाळी ओट्यापाशीच चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी बीपी पाहिलं आणि माझ्यासमोरच त्यांना झापलं, "गोळ्या का चुकवता, बाई?"

मावशी म्हणाल्या, "जेवणानंतर घ्यायच्या ना? मग उपासाला कशा घेणार?"

सोमवार, गुरुवार, चतुर्थी. परतताना रिक्षात मी अक्कल पाजळली, "एवढे उपास कशाला, मावशी?"

"पहिल्या बसनं कात्रजहून निघते. पाच घरांच्या पोळ्या आटपेपर्यंत जेवणार कधी, ताई? उपास आहे म्हटलं की कुणी काही विचारत नाही."

आणि मी ऑफिसात काय करते? अमेरिकेतल्या पेशंटना गोळीची आठवण करून देणारं सॉफ्टवेअर तपासते. गेल्याच महिन्यात मीच त्यात चूक काढली होती: 'जेवणानंतर' लिहिलंय, पण माणूस जेवलाच नाही तर? त्यावर दोन मीटिंगा झाल्या. साहेबांनी सगळ्यांदेखत कौतुक केलं. तिकडच्या अनोळखी माणसाच्या बुडालेल्या जेवणाची केवढी काळजी मला!

मावशींना वाचता येत नाही. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी त्यांना मीच समजावून सांगितली होती. 'जेवणानंतर.' तीनदा घोकून घेतलं होतं त्यांच्याकडून.