बाथरूमची ट्रायल

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तो उभ्यानेच घातला आहे, गोड मानून घ्यावा). एक बाथरूम सोडल्यास इकडे सर्व क्षेमकुशल. भाऊजींचा खोकला कसा आहे? आईचं हाड जुळलं आणि ती काठी घेऊन तुमच्या गच्चीपर्यंत जाते हे कळलं, जीव भांड्यात पडला. फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. फोन केला की आई शेजारीच बसलेली असते, आणि मी काहीही बोललो तरी तिकडून "आधी बाथरूमचं विचार त्याला" एवढंच ऐकू येतं. तिच्या कानावर अर्धवट काही जाऊ नये म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आमच्या बाथरूममध्ये घसरून पडल्यावर तुझ्याकडे जाताना "ती फरशी बदलल्याशिवाय या घरात पाऊल टाकणार नाही" असं आई बजावून गेली, ते तू ऐकलंच आहेस. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी लगेच गवंड्याला बोलावलं. त्याने बाथरूम बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि असा आकडा सांगितला की तेवढ्यात मी त्याच्या सात पिढ्या सुटाबुटात उभ्या केल्या असत्या. म्हटलं, आपणच करू. शिंपीकामात आयुष्य गेलं, एक खांदा खाली असलेल्या आणि पोट एकाच बाजूला असलेल्या गिऱ्हाइकांना मी कोट बसवले. चार भिंतींच्या सरळ खोलीला फरशी बसवणं म्हणजे त्या मानाने पायजमा. (खोलीही सरळ नाही, हे पुढे कळलं.) हे ऐकून तुझ्या वहिनीने, म्हणजे आमच्या हिने, भिंतीपलीकडच्या दुकानातले शिवून झालेले कपडे उचलून माळ्यावर ठेवले.

काम मी रीतसर केलं. हार्डवेअरवाल्याकडून उरल्यासुरल्या टाइल्स उचलल्या. रंग चार आहेत, पण सगळ्या खरखरीत आहेत आणि पाय घसरायची सोय नाही. मग खाकी कागदावर अख्ख्या जमिनीचं पेपर कटिंग केलं, पाण्याच्या जाळीसाठी भोकसुद्धा कापलं, आणि त्याबरहुकूम टाइल्स कापायला बसलो. इथे सवय नडली. शिवणीत आपण कापड थोडं जास्त सोडतो, ज्याला माया म्हणतात, म्हणजे पुढेमागे गिऱ्हाइकाचं पोट सुटलं तर उसवून सैल करता येतं. त्या हिशेबाने मी प्रत्येक टाइल अर्धा इंच मोठी कापली. टाइल आत दुमडता येत नाही (हे म्हणे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं). त्यामुळे सगळ्या पुन्हा कापाव्या लागल्या, आणि ज्या फुटल्या त्या फुटल्या.

पण ते किरकोळ. मधेच वहिनीने जेवायला हाक मारली म्हणून मी कागद घडी घालून ठेवला आणि जेवून आल्यावर उलटा उघडला. कापडाची सुलट बाजू मी अंधारातसुद्धा बोटांनी ओळखतो, पण खाकी कागद दोन्हीकडून सारखाच. डावं ते उजवं झालं. खरं भोक डावीकडे आहे हे दिसलं कसं नाही, असं भाऊजी विचारतील. सिमेंट आत जाऊ नये म्हणून मी त्यात चिंध्या कोंबल्या होत्या आणि वरून वाळू पडली होती. शिवाय माझ्या धंद्यात एकदा बेतलं की बेतलं, कापताना शंका काढत बसणाऱ्याची कात्री वाकडी जाते. तेव्हा कागदाप्रमाणे फरशी बसवली, कागदाप्रमाणे उतार दिला, आणि कागदाप्रमाणे उजव्या कोपऱ्यात जाळी बसवली. इतकी सफाईदार जाळी गवंड्याच्याने बसली नसती. फक्त तिच्याखाली काही नव्हतं.

पहिली बादली मी वहिनीला समोर उभं करून ओतली. पाणी शहाण्यासारखं जाळीपाशी गेलं, तिथे थोडं थांबलं आणि भिंतीखालून दुकानात निघालं. दुकानात वकीलसाहेबांचा नवा कोट बटणांसाठी चटईवर पसरलेला होता. तो वाळला, पण आखडला. आता तो त्यांच्या थोरल्या मुलाला अगदी बेतशीर होतो, मात्र मुलगा वकील व्हायला अजून बराच अवकाश आहे. साहेबांनी तो दोनदा उलटसुलट करून बघितला, आणि वकील पुरावा तपासायला लागला की मला भीती वाटते. त्यांना दुसरा कोट शिवून देतो आहे.

फरशी उसवली (उखडली म्हणतात) आणि नव्याने घातली. या वेळी कागदावर मोठ्या अक्षरांत "ही बाजू वर" लिहून ठेवलं. आता पाणी जिकडे जायला हवं तिकडेच जातं. आईला उकिडवं बसायला नको म्हणून कमोडही बसवला. तेव्हा आईला सांग, बाथरूम तयार आहे आणि तिची अट पूर्ण झाली आहे. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. – तयार आहे, म्हणजे कमोडशेजारचा आधाराचा दांडा तेवढा राहिला आहे. तो कोणत्या उंचीवर लावावा यावर अडलं आहे. ट्रायलसाठी वहिनीला बसवलं, पण ती आईपेक्षा चांगली वीतभर उंच. मग दुकानातला पुतळा नेऊन बसवला. पुतळ्याला हात नाहीत, हे तो बसल्यावर लक्षात आलं. खिडकीतून शेजारच्या मावशींना तो दिसला, तेव्हापासून त्या माझ्याशी जपून बोलतात. तर तू आईचं माप पाठव, बसल्यावर कोपर किती उंचीवर येतं ते. नवीन ब्लाउजसाठी हवं आहे म्हणून सांग.

ता. क. २ – वरचं वाचून वहिनी म्हणाली, "आईंचं माप तुम्हाला तोंडपाठ आहे ना?" आहे. पण ते पडण्याआधीचं. तू पाठवलेल्या फोटोत तिच्या अंगात मी शिवलेला निळा ब्लाउज आहे, आणि तो खांद्यावरून उतरला आहे. मी तो अगदी अंगासरशी शिवला होता. फोटो बघून मला रडू आलं, आणि दुपारभर मशीनवर बसवलं नाही.

ता. क. ३ – माप पाठवू नकोस, आईलाच पाठव. ती कोरड्या बाथरूममध्ये, साडी नेसून कमोडवर निवांत बसेल, हात आपोआप जिथे जाईल तिथे मी खडूने खूण करीन, आणि तिथेच दांडा लावीन. तोवर तिने माझा हात धरावा. तो कुठे पक्का बसवलेला नाही, पण तिची उठण्याबसण्याची वेळ झाली की जवळ असेल.