अर्थ सांगणारी

सौंसर,
सोमवार, दि. ११ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या कानांना फोन पुरत नाही, आणि ह्या घरात फोनवर बोलायची सोयही उरलेली नाही, म्हणून पुन्हा कागद. शालिकराम गुरुजी रोज पांढुर्ण्याच्या शाळेत येतातच. त्यांच्या पिशवीतून हे उद्या सकाळी तुला पोचेल.

ताई, माझ्या हातून फार मोठं पाप घडलं आहे.

प्रणालीसाठी आम्ही रविवारी बोरगावच्या प्रार्थनेला जातो, हे तुला ठाऊक आहे. त्याआधी जामसांवलीच्या देवळात नवस झाला, नागपूरचे तीन डॉक्टर झाले. माझी किडनी साखरेमुळे चालत नाही, ह्यांची जुळत नाही. दोन वर्षं झाली, दर बुधवारी आणि शनिवारी पोरगी नागपूरला चार-चार तास मशीनवर पडून असते. विसावं लागलं नाही अजून तिला. प्रार्थनेचं कोणीतरी सुचवलं, आम्ही गेलो. धर्म बदला असं तिथे कोणी म्हटलं नाही. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय.

तिथे प्रार्थना करता करता काही जणांच्या तोंडून अन्य भाषा येते. कोणालाच न कळणारी. पवित्र आत्मा बोलतो, असं ते मानतात. मला हसू यायचं नाही, हेवा वाटायचा. ह्यांना दिवाळीआधी आली. मलाच येईना. बायका हळूच म्हणायच्या की अमिताबाईच्या मनात काही तरी अडून राहिलं. होता होता ह्यांनाही वाटायला लागलं की माझ्यामुळेच पोरीचं बरं होणं अडलं आहे.

काल प्रणाली माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. सगळे डोळे मिटून बोलत होते. मीही डोळे मिटले आणि आपली चची भाषा बोलायला लागले. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी, सुरुवातीला च. बोरीखाली बसून आपण दोघी बोलायचो ना, तीच. भराभर, रडत रडत. इतकी वर्षं झाली तरी एकदाही अडखळले नाही.

त्यांच्यात नियम आहे, अन्य भाषेत कोणी बोललं तर तिचा अर्थ सांगणारं कोणी पाहिजे. सुशीलाबाई ते करतात. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, फार मायाळू बाई आहेत. त्या थरथरत उठल्या आणि म्हणाल्या की प्रभू सांगतो आहे, ही मुलगी बरी झाली, आता हिच्या अंगाला सुई लागणार नाही.

हे तिथेच गुडघ्यावर कोसळून रडले. आता म्हणतात, बुधवारी नागपूरला जायचं नाही. पास्टर अंकुश आज स्वतः घरी येऊन सांगून गेले की औषध सोडू नका, डॉक्टरही देवानंच दिले आहेत. हे ऐकायला तयार नाहीत. म्हणतात, अमिताच्या तोंडून खुद्द देव बोलला, मग आपण पोरीले कायले टोचून राहिलो. तो अर्थ चुकीचा आहे हे साऱ्या जगात मला एकटीला माहीत आहे. मी काय करू, लवकर कळव.

माया आहे तेवढी राहू दे, ह्यापरतं मागणं नाही.
तुझी,
अमिता


पांढुर्णा,
मंगळवार, दि. १२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अमिता हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. कान माझे गेले आणि अक्कल तुझी गेली, असं दिसतं. अगं शहाणे, आजीची नजर चुकवून बोरं खायला काढलेली भाषा ती! देवाला काय ती नवी आहे? पाप वगैरे सोडून दे आणि पोरीचं बघ.

आजच्या आज अनिलरावांना सांग की ती देवाची भाषा नव्हती, आम्हा बहिणींची होती. चिडतील, भांडी आपटतील, आपटू दे. भांड्यांना पोचे आले तर आपण नवी घेऊ. सुशीलाबाईंना मी बोल लावत नाही. माणसाला जे हवं असतं तेच ऐकू येतं, हे माझ्यासारख्या बहिरीला विचार. माझ्याशी कोणी काहीही बोललं तरी मला चहाच ऐकू येतो.

पण एक विचारते. तू नेमकं म्हणालीस काय? पोरीला वाचव, असंच ना? मग तेच त्यांना सांगून मोकळी हो. त्यात लपवण्यासारखं काय आहे, ते मला कळेना.

प्रणाली लहानपणी सुट्टीत आली की दिवसभर माझ्यापाशी टकळी चालवायची. तेव्हा मला ऐकू येत होतं. त्या पोरीला काही झालेलं मला चालायचं नाही. उद्या गाडी निघालीच पाहिजे.

रागावले तरी जीव तुझ्यातच आहे, हे विसरू नकोस.
तुझी ताई,
उर्मिला


सौंसर,
बुधवार, दि. १३ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गाडी निघाली नाही.

पोरीच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो. आडवी झाली की धाप लागते, म्हणून उशा लावून बसवली आहे. मी एकटी दुसरी गाडी करून नेते म्हटलं, तर हे दारात आडवे झाले. शेजारी बसून स्तोत्रं म्हणतात आणि मला सांगतात की सूज उतरून राहिली. ते दुष्ट नाहीत गं. म्हणताना त्यांचे ओठ कापतात.

तू विचारलंस, मी काय म्हणाले. वाचव म्हणाले नाही, ताई. दोन वर्षं तेवढंच म्हणत आले होते, पण त्या दिवशी ते तोंडातून निघालंच नाही. मी म्हणाले, देवा, थकले मी. ने आता तिला. सोडव.

चवादे, चकलेथ चमी. चने चताआ चलाति. चडवसो.

पोटच्या पोरीसाठी. तिचं डोकं माझ्या मांडीवर असताना. कोणाला कळणार नाही ह्या भरवशावर मनातलं खरं बाहेर पडलं.

आता ह्यांना कसं सांगू? भाषा माझी होती म्हटलं की पुढचा प्रश्न तोच, मग काय म्हणालीस. तिच्यासमोर विचारतील. खोटं सांगावं म्हणते, तर जीभ उचलत नाही. देवापुढे एकदा खोटं वागले, त्याचं फळ समोर उशांना टेकून बसलं आहे. आणि खरं सांगितलं तर माझी लेक माझ्याकडे कधी तरी परत बघेल का? सांगितलं नाही तर ती उरायची नाही. दोन वेळा तोंड उघडून मिटलं. तू ये, ताई. तू येऊन सांग.

एवढं वाचूनही मला आपली म्हणशील, एवढीच आशा.
तुझी,
अमिता


नागपूर,
शुक्रवार, दि. १५ नोव्हेंबर २०२४

ती. मावशीस,
शि. सा. न.

डावा हात कालपासून दुसऱ्यांदा मशीनला जोडलेला आहे. कागद धरायला दुसरा हात नाही, म्हणून ओळी वाकड्या आल्यात. आज दुपारी तू येते आहेस असं गुरुजींनी बाबांना फोनवर सांगितलं. पण हे आईसमोर बोलता येणार नाही, आणि तुझ्या कानात सांगायचं म्हणजे अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल. म्हणून ही चिठ्ठी तुझ्या हातात देईन.

काल सकाळी मला श्वास पुरेना. बाबा मोठमोठ्यानं स्तोत्र म्हणत होते. आई माझे पाय धरून बसली होती, तोंड उघडायची आणि मिटायची. तेव्हा मीच बाबांना सांगितलं की आई रविवारी बोलली ती देवाची भाषा नव्हती, मावशीची होती. सातवीच्या सुट्टीत तूच मला शिकवलीस, आठवतं? आईला सांगू नको म्हणालीस, तिला एक दिवस चकित करू म्हणून. मग दोघीही विसरलो.

बाबांना पटेना. मी त्यांना त्यांचंच नाव म्हणून दाखवलं, चनिलअ. मग हाक मारली, चबाबा. त्या भाषेत बाबांचं काही केलं तरी बाबाच राहतं, पुढे नुसता च लागतो. मग त्यांनी हळूच विचारलं की आई म्हणाली तरी काय. मी सांगितलं, म्हणाली, देवा, वाचव माझ्या पोरीला. बाबा उठले आणि एकाच पायात चप्पल घालून गाडी आणायला धावले.

आई माझ्याकडे बघत राहिली. अजूनही बघते.

मी तिच्या मांडीवर होते, मावशी. एका अक्षराचा शब्द त्या भाषेत लपत नाही. चने. तीनदा म्हणाली. राग आला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. दोन दिवस तिच्या हातचं जेवले नाही, तिला वाटलं मळमळतं आहे. खरं तर तेच मीही मनात कितीदा म्हटलं होतं. पण काल श्वास अडला तेव्हा समजलं की मला जायचं नाही. सुया टोचून, आठवड्यातून दोनदा इथे पडून, जसं मिळेल तसं मला जगायचं आहे.

आता तुझं काम. आई तुला एकटीला गाठून विचारेल, पोरीनं मुद्दाम चुकीचं सांगितलं का. तू म्हण, प्रणालीला ती भाषा धड कधी आलीच नव्हती, नावं तेवढी उलटवायची, बाकी एक शब्द कळायचा नाही. तुझं ती खरं मानेल. एवढी माया माझ्यावर कर आणि ही चिठ्ठी फाडून टाक.

चझीतु,
चणालीप्र