मैदानाच्या फाटकावर विचारलेला प्रश्न

मी, रामहरी मुंजाबा शिंगाडे, वय वर्षे बहात्तर, पूर्वी वाळूजच्या एका कारखान्यात फिटर, आता निवृत्त, राहणार बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर, हा कागद माझ्या मर्जीने आणि माझ्या शब्दांत करीत आहे. गुडघे गेले आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीस पाडलेले नाही. मार्च महिन्यात मी एक खर्डा केला होता. तो रद्द समजावा. का रद्द केला ते पुढे लिहिले आहे. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची वाटणी खालीलप्रमाणे व्हावी.

कलम १. बजाजनगरातले माझे राहते घर, खाली दोन खोल्या आणि वर एक, माझी मुलगी रत्नमाला हिला मिळावे. तिच्या आईच्या आजारपणात आणि त्यानंतर माझ्यापाशी तीच राहिली. करमाडजवळ गावी जी जमीन उरली आहे ती माझा मुलगा हनुमान याला मिळावी. त्या जमिनीवर माझ्या वडिलांची मेंढरे बसत असत. सत्त्याऐंशीच्या आसपासच्या दुष्काळात मेंढरे विकली आणि मी वाळूजला कामाला आलो. जमिनीचा मोठा तुकडा पुढे शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत गेला. उरलेली हलकी आहे, पण विहीर आहे. बँकेत जे असेल ते दोघांनी सारखे घ्यावे.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे पाने, कानशी, बारीक मापे घ्यायचा व्हर्नियर आणि लोखंडी पेटी, फकिराची मुलगी सत्यशीला हिला द्यावीत. फकिरा म्हणजे आमच्या क्लबच्या मैदानाचा माळी. सत्यशीलाने आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेतले आहे. आमच्या वेळी कारखान्याच्या शॉपमध्ये मुली नव्हत्या. व्हर्नियर उन्हात ठेवू नये, एवढे तिला सांगावे.

कलम ३. हे कलम कोणत्याही वस्तूबद्दल नाही. तरीही ते लिहिणे भाग आहे, कारण पुढची कलमे त्याशिवाय कळणार नाहीत.

कारखान्यात टूलरूममध्ये हबीब नावाचा माझ्याच वयाचा माणूस होता, राहणार शहागंज. त्याने मला एका रविवारी खामकाठ फुटबॉल क्लबचा सामना बघायला नेले. मी मेंढपाळाच्या घरातला, मला फुटबॉलमधले काय कळणार. पण त्या दिवसापासून सव्वीस वर्षे मी रविवार दुसरीकडे घालवला नाही. माझी पत्नी मनकर्णा म्हणायची की तुम्हाला दोन संसार आहेत.

क्लबचे चिटणीस साहेबराव होते. सामना संपला की ते मैदान सपाट करायच्या दगडी रुळावर उभे राहत आणि पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून लोकांशी बोलत. अमका खेळाडू का बसवला, गोलकीपरची नोकरी कुठे लागली, पुढचा सामना का पुढे गेला, सगळे सांगत. लोक उलटून विचारत, शिव्याही देत. साहेबराव ऐकून घेत आणि मग उत्तर देत. माहीत नसेल तर तसे सांगत.

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात मैदानाची बोअर आटली. साहेबराव रुळावर उभे राहिले आणि म्हणाले, दोन वाटा आहेत, टँकर आणायचा किंवा गवत मरू द्यायचे, तुम्ही सांगा. तासभर वाद झाला. खेळाडूंचे गुडघे फुटतील, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. चतुराबाई मैदानावर शेंगा विकायच्या, त्यांची वस्ती मैदानालगतच. त्या उठून म्हणाल्या, "माझ्या गल्लीत पाचव्या दिवशी टँकर येतो. तुमच्या गवताला रोज आला तर मी हितं शेंगा इकायला येणार नाय." मग टँकर नको असे ठरले. गवत मेले. पोरे मातीत खेळली, गुडघे फुटले, आम्ही सामने हरलो. पण त्या वर्षी एकानेही कुरकुर केली नाही, कारण निर्णय आमचा होता.

पुढच्या वर्षी साहेबराव वारले. भोंगा त्यांच्या घरच्यांनी मला दिला.

त्यानंतर नानासाहेब अध्यक्ष झाले. शहर चारी बाजूंनी वाढत होते आणि ते बांधकामाच्या धंद्यातले होते. त्यांनी भिंत बांधली, फाटक बसवले, खुर्च्या आणल्या. नव्या जर्सी चांगल्या होत्या, हे मान्य केले पाहिजे. रूळ मात्र बाहेर टाकला. बोलायचे असेल तर मोबाईलवर ग्रुप केला आहे, असे सांगण्यात आले.

दोन हजार सोळाच्या दुष्काळात चतुराबाईंनी मला सांगितले की मागच्या दाराने मैदानावर टँकर येतात. मी रत्नमालाकडून ग्रुपवर एक ओळ लिहवून घेतली: मैदानाला पाणी कुठून येते? तासाभरात ग्रुप असा करण्यात आला की तिथे फक्त कार्यालयाने लिहायचे आणि आम्ही वाचायचे. आठवड्याने फाटकावर नानासाहेबांचा हसरा फोटो असलेला फ्लेक्स लागला. त्यावर आमच्या सहकार्याबद्दल आभार मानले होते. आम्ही काय सहकार्य केले ते आम्हाला माहीत नव्हते.

आमच्यातही एकमत नव्हते. काही जण म्हणाले की आपल्याला गोल पाहिजेत, खुलासे कशाला. काही म्हणाले की मालक ते, मर्जी त्यांची. चतुराबाईंचे म्हणणे मला पटले आणि अजून पटते. त्या म्हणाल्या, "नाय म्हणायचं तर नाय म्हणा, पर तोंडावर म्हणा." मी हाताने पत्रे लिहायला लागलो. अकरा पत्रे कार्यालयात दिली आणि प्रत्येकाच्या प्रतीवर पोच घेतली. उत्तर आले नाही.

मग क्लबने हबीबला समर्थक संपर्कप्रमुख नेमले. गळ्यात ओळखपत्र आले. आम्हाला बरे वाटले, आपला माणूस आत गेला. पण काही विचारले की तो म्हणायचा, बघतो. तेवढ्यात मैदान विकणार अशी कुणकुण लागली. नोव्हेंबरातल्या एका रविवारी, सामन्यानंतर, फाटकावर चाळीस-एक माणसे होती. मी त्यांच्यादेखत हबीबला विचारले, "मैदान विकलं का? व्हय का नाय, एवढंच सांग."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "रामहरी, ये सवाल मेरे कू मत पूछ. मला सांगता येत नाय."

मी म्हणालो, "साहेबरावांच्या जागी उभा ऱ्हातोस आन् मालकाचं तोंड लावून बोलतोस. आजपासून तुझी माझी वळख नाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हबीबने गळ्यातले ओळखपत्र सदऱ्याच्या आत घातले आणि तो निघून गेला.

तीन महिन्यांनी मोबाईलवर इंग्रजीत चार वाक्ये आली. रत्नमालाने भाकरी करता करता ती मला वाचून सांगितली. क्लब शेंद्र्याकडे नव्या जागी जात आहे, आपले प्रेम असेच राहू द्या. बजाजनगरहून तिथे दोन बस बदलून जावे लागे. दोन वर्षांत प्रेक्षक उरले नाहीत आणि क्लब बंद पडला. तेही कोणी कळवले नाही. जुन्या मैदानावर आता बारा मजल्यांच्या दोन इमारती आहेत.

एकोणीस साली मनकर्णा गेली. मातीला हबीब आला होता. तो भिंतीला टेकून उभा राहिला, शेवटपर्यंत थांबला. मी त्याला पाहिले आणि बोललो नाही.

कलम ४. अकरा पत्रांची फाइल माझ्या कपाटात आहे. ती जाळू नये. शहरात कोणी नवा क्लब काढला तर त्याच्या चिटणीसाला द्यावी. नानासाहेबांना माझ्या मातीला निरोप देऊ नये. स्वतःहून आले तर अडवू नये, पण त्यांना बोलायला उभे करू नये. मनातला राग मी कमी करून लिहिलेला नाही.

कलम ५. हबीबसंबंधी.

गेल्या दिवाळीत फकिरा माझ्याकडे आला. त्याच्या हातात त्याच्या नावावर झालेल्या खोलीचा कागद होता. त्याने जे सांगितले ते असे. मैदानामागच्या खोलीत तो बायको-मुलीसह राहत होता. विक्रीचे ठरले तेव्हा नानासाहेबांनी हबीबला बोलावून सांगितले की विक्रीचा कागद होण्याआधी बोभाटा झाला तर पहिल्यांदा माळ्याची खोली पाडू, आणि गप्प राहिलात तर त्याला दुसरीकडे खोली देऊ. हबीबने ते लिहून मागितले आणि मिळवले. मगच तो गप्प राहिला. ज्या दिवशी इंग्रजी निरोप आला त्याच दिवशी त्याने ओळखपत्र टेबलावर ठेवून काम सोडले. खोली नावावर होईपर्यंत कोणापाशी बोलायचे नाही, असे त्याने फकिराला बजावले होते. ते व्हायला सात वर्षे लागली.

मी फकिराला विचारले, "मला तरी सांगायचं नाय का?"

फकिरा म्हणाला, "मी म्हणलो व्हतो त्यांना. ते म्हणले, रामहरीला सांगितलं तर त्यो पत्र लिहील."

हे खरे आहे. मी लिहिले असते.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. मी फाटकावर जो प्रश्न विचारला तो उत्तरासाठी विचारला नव्हता. तो उभ्या असलेल्या चाळीस माणसांसाठी विचारला होता. उत्तर पाहिजे असते तर मी शहागंजात त्याच्या घरी गेलो असतो. त्याच्या बायकोने, ताहेराभाभींनी, चहा केला असता, आणि मग तो काय म्हणाला असता ते देव जाणे. पण मी गेलो नाही. कळल्यावरही सहा महिने गेलो नाही. दोनदा बसने शहागंजापर्यंत जाऊन परत आलो.

मार्चच्या खर्ड्यात मी लिहिले होते की माझ्यामागे हबीबला बोलावून माझी माफी वाचून दाखवावी आणि साहेबरावांचा भोंगा त्याला द्यावा. रत्नमाला तो खर्डा टाईप करीत होती. या ओळीपाशी तिने हात थांबवला आणि म्हणाली, "आबा, हा तर फ्लेक्सच झाला. तुम्ही गेल्यावर हबीबकाकांनी कुणाला उलटून बोलायचं?"

दुसऱ्या दिवशी मी खर्डा फाडला.

कलम ६. म्हणून हे मृत्युपत्र मी जिवंतपणी, सर्वांना घरी बोलावून, आज रविवारी सकाळी दहा वाजता वाचून दाखवले. ज्याला जे विचारायचे ते विचारू दिले. शहागंजात मात्र मी स्वतः गेलो, परवा. दार ताहेराभाभींनी उघडले. हबीब आत वर्तमानपत्र वाचत होता. मी म्हणालो, माझं चुकलं, आणि रविवारी घरी ये. त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाला, "आधी बस तर."

आजच्या वाचनात काय झाले ते नमूद करतो, कारण त्याप्रमाणे कागदात बदल केला आहे.

हनुमान चाकणहून आला होता. कलम १ वाचल्यावर तो म्हणाला, "घर ताईला दिलं, माझी ना नाय. पर आधी इचारलं असतं तर?" मी म्हणालो की तुला वाईट वाटेल म्हणून नाही विचारले. तो म्हणाला, "वाईट तर आता बी वाटलंच." त्याचे म्हणणे रास्त आहे. त्याला काय पाहिजे ते मी विचारले. तो म्हणाला की वरची खोली, जिथे आई शेवटी होती, तिथे येऊन राहायचा हक्क पाहिजे. रत्नमालाने लगेच होकार दिला. तरी कलम १ असे वाचावे: घर रत्नमालाचे, परंतु वरच्या खोलीत हनुमान व त्याच्या कुटुंबाला केव्हाही येऊन राहण्याचा हक्क राहील.

नंतर मी कलम ५ वाचले. मध्ये पाणी प्यालो आणि पुढे वाचले. या नव्या कागदातही त्याच्या शेवटी भोंगा हबीबला द्यावा असे लिहिलेले होते. त्यावर हबीबने विचारले की साक्षीदार कोण आहेत. मी म्हणालो, एक चतुराबाई, दुसरा अजून ठरायचा आहे. वकिलांनी मला बजावले होते की ज्याला कागदात काही मिळते त्याला साक्षीला घेऊ नये, पुढे वाद होतात. ते मी हबीबला सांगितले.

हबीब म्हणाला, "मग मला काही देऊ नको. मी साक्षीला बसतो."

मी म्हणालो, "भोंगा तुझ्याच हक्काचा हाय."

तो म्हणाला, "सात साल लई झाले रामहरी. मेरे कू चीज नको. तू बोलत व्हतास तवा मी समोर व्हतो, एवढं कागदावर राहू दे."

मी त्याला आणखी आग्रह केला नाही. भोंगा चतुराबाईंना देऊ केला, तर त्यांनाही साक्षीला बसायचे होते. शेवटी फकिराने तो घरी न्यावा असे ठरले. हबीबच्या नावे काहीही नाही. तसे त्याच्याच सांगण्यावरून लिहिले आहे.

हा मजकूर मी वाचला, सर्वांनी ऐकला, बदल सर्वांसमोर केले. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना.

ठिकाण: बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: रविवार, १९ मे २०२४

लिहून ठेवणार
(सही) रामहरी मुंजाबा शिंगाडे

साक्षीदार

१. चतुराबाई दगडू खरात. डाव्या हाताचा अंगठा. निशाणी रत्नमालाने लिहिली.

२. (सही) शेख हबीब शेख मोईन, शहागंज. खालची ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली आहे:
ऐकलं, विचारलं, जवाब मिळाला. मग सही केली.